कपाशीच्या नावापुढे संत्रं

१

शनिवारी सकाळी जयवंता भोयर संगणन केंद्राचं दार उघडायला आली तेव्हा पायरीवर एक मुलगी बसलेली होती. मे महिन्यातलं नागपूर. दहा वाजायच्या आत पायरी तापून तवा होते, आणि त्यावर कोणी हौसेनं बसत नाही. जयवंतानं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. आज तिला अर्ध्या दिवसात काम आटपून इतवारीत जायचं होतं. नणंदेच्या मुलीचं लग्न होतं आणि आंदणाची भांडी घ्यायची होती.

"मॅडम, मी मिनल साठवणे. डहाके सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी," मुलगी उठत म्हणाली. "माह्या कर्नलले कोणीतरी हात लावला."

जयवंता या संस्थेच्या क्लस्टरची प्रमुख. क्लस्टर म्हणजे एका थंडगार खोलीत कपाटांसारखी उभी असलेली, एकमेकांना जोडलेली मशीन. सगळ्या संस्थेचं मोठं गणित त्यांच्यावर चालतं. गणित बिघडलं की लोक मशीनला नाही, जयवंताला बोलतात. त्यामुळे तिचा स्वभाव मुळात गोड असला तरी तो फारसा कोणाला पाहायला मिळाला नव्हता.

"कोणी हात लावला म्हणजे? तूच काही टाकलं असशील आणि विसरली असशील," ती म्हणाली. "आत ये आधी. उन्हात मरशील."

आत एसीसमोर बसून मिनलनं सांगितलं. ती संत्र्याच्या पानांचे फोटो मशीनला दाखवते, आणि पान रोगट की निरोगी ते मशीन ओळखतं. शंभरातली एक्क्याण्णव पानं बरोबर यायची. गेले सहा महिने हाच आकडा होता आणि प्रबंधातही तोच छापला होता. काल संध्याकाळी सरांना दाखवायला म्हणून तिनं तेच फोटो, तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला, आणि आकडा आला चौऱ्याहत्तर.

"सरांनी काय म्हटलं?"

"म्हणाले, आकडा रातोरात पडत नसते. पहिलाच खोटा होता." मिनलचा आवाज इथे फाटला. "संशोधन समितीले पत्र पाठवलं त्यांनी कालच. सोमवारी मले बोलावलं आहे. आकडे बनवले असं ठरलं तर नोंदणी रद्द. पाच वर्षं गेली मॅडम माही."

जयवंताला राग आला. मुलीचा नाही, सगळ्याचाच. सोमवार आणि आज यांच्यामध्ये एक रविवार होता फक्त, आणि लोक पाणी गळ्याशी आल्यावरच तिच्याकडे येत.

तिनं आपलं मशीन उघडलं. नोटबुक म्हणजे पडद्यावरचं पान. त्यावर लिहिलेलं चालवणारं इंजिन म्हणजे कर्नल. इथे प्रत्येकाला आपापल्या कामाचा कर्नल बनवता येतो. मेनूत दिसतं ते त्याचं नुसतं नाव, म्हणजे दाराबाहेरची पाटी. इंजिन कुठल्या खोलीतून आणायचं ते त्या पाटीच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि त्या खोलीत संशोधकानं मांडलेल्या लायब्रऱ्या असतात. फोटो वाचणारी एक, फोटो लहान करणारी एक, शिकणारी एक. पाटी हलली किंवा खोलीतलं सामान बदललं, तर आकडा बदलतो.

मिनलची पाटी जशीच्या तशी होती, कोणी शिवलंही नव्हतं. जयवंतानं खोली तपासली आणि तिच्या भुवया वर गेल्या. फोटो लहान करणारी लायब्ररी शुक्रवारी दुपारी बदलली होती. जुनी काढून कोणीतरी नवी आवृत्ती टाकली होती.

"तू टाकली?"

"नाही मॅडम. काल दुपारभर मी दंतवैद्याकडे होती. दाढ काढली. हे पाहा." मिनलनं गाल वळवून दाखवला. सूज खरी होती.

बदल कोणाच्या खात्यातून झाला ते मशीन विसरत नाही. जयवंतानं विचारलं आणि पडद्यावर एकच नाव उमटलं. शालिकराम डहाके. खुद्द मिनलचे गाईड.

२

"तो सरांनीच केला असं म्हणू नका मॅडम," मिनल घाईनं म्हणाली. "आमच्या लॅबमधले सगळेच सरांच्या नावानं आत येते. मी, अंकुश, रितिका. पासवर्ड एकच."

जयवंतानं डोळे मिटून घेतले. या संस्थेत नवीन खातं हवं तर अर्जावर तीन सह्या लागतात. तो नियम तिनं नव्हता केला, पण शिव्या तिलाच पडत. सह्यांसाठी महिना घालवण्यापेक्षा लोक सरळ साहेबांचा पासवर्ड वापरत. आता चार माणसं होती आणि बोट मात्र एकाचंच उमटलं होतं.

ती स्वतः उठून डहाक्यांच्या केबिनमध्ये गेली. शनिवार असूनही ते आले होते. दारातला कूलर घरघरत होता आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांनी त्यावर वाळलेली संत्री ठेवली होती. माणूस हुशार होता, यात वाद नाही. आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्त ठाऊक होतं, एवढंच.

"भोयर मॅडम, तुम्ही त्या पोरीच्या नादी लागू नका," ते म्हणाले. "माझी तीस वर्षं गेली यात. विज्ञानात चमत्कार नसतो. तोच प्रोग्रॅम, तेच फोटो, आणि सतरा टक्के गायब? पहिला आकडाच बनवला तिनं."

"बदल तुमच्या खात्यातून झाला, सर."

"होईलच. खातं माझं आहे. काल मी दिवसभर मुलाखती घेऊन राहिलो होतो, पॅनेलवर पाच लोक साक्षीला आहेत." ते खुर्चीत मागे रेलले. "आणि माझ्या मुलांना मी तुमच्या भरवशावर नाही ठेवलं. तुमच्याकडे कर्नल मागितला असता तर दिवाळी उजाडली असती. मिनलचा चांगला चालत होता, मग बाकीच्यांना मी स्वतः करून दिले. अंकुशला, रितिकाला, मला. पाच मिनिटांत तीन. तुमचं केंद्र काय करते दिवसभर, ते मले एकदा पाहाचंच आहे."

जयवंताच्या जिभेवर उत्तर आलं होतं, ते तिनं गिळलं. डहाक्यांशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, आणि डोकं तिला अजून वापरायचं होतं.

"पत्र मागे घ्याल का, सोमवारपर्यंत?"

"कोणी केलं ते नावानिशी, पुराव्यानिशी आणा. आजच घेतो."

३

रितिका भुरे लॅबमध्ये एकटीच होती. लॅबमधली सगळ्यात नवी. ती कपाशीवरच्या बोंडअळीचे फोटो मशीनला ओळखायला शिकवत होती. जयवंतानं विचारलं तसं तिनं लपवाछपवी न करता सांगून टाकलं.

"हाव मॅडम, काल दुपारी मीच नवी आवृत्ती टाकली. अळीचे फोटो मोठे आहे, जुनीत खूप वेळ लागून राहिला होता."

"कुठे टाकली?"

"माह्याच कर्नलमध्ये. मिनलताईच्याले काहून हात लावीन मी? हे पहा नं."

तिनं पडदा वळवला. कालचं नोटबुक तसंच होतं. आवृत्ती बदलल्याची ओळ होती, आणि वर कोपऱ्यात कर्नलचं नाव होतं, 'रितिका-कपाशी'. मुलगी खोटं बोलत नव्हती. तिनं मेनूही उघडून दाखवला. मिनल-संत्रा, अंकुश-फळगळ, रितिका-कपाशी, डहाके-सर. चार नावं, आणि प्रत्येकापुढे नखाएवढं हिरव्या देठाचं संत्रं.

"ते चित्र मिनलताईनं काढलं. मस्त दिसते नं?" रितिका म्हणाली.

"दिसते," जयवंता म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. तिला कोडं छळत होतं. तीच लायब्ररी, तीच दुपार. योगायोगावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण रितिकानं सामान टाकलं स्वतःच्या खोलीत, आणि ते सापडत होतं मिनलच्या खोलीत. दाराला कुलूप, आणि ऐवज शेजारच्या घरात. असं कसं होईल?

"अंकुशचं आणि मिनलचं कसं आहे?" तिनं विचारलं.

रितिका जराशी घुटमळली. "बोलत नाही एकमेकांशी. मागच्या लेखात सरांनी मिनलताईचं नाव पहिलं टाकलं, तेव्हापासून. अंकुशभाऊ म्हणे, पाहतो मी आता. पण ते तर बुधवारपासून काटोलले आहे, बागेत. तिथं धड रेंजबी नाही."

जयवंता केंद्रात परतली आणि चालू असलेल्या कामांची यादी पाहिली. काटोलला गेलेल्या अंकुश गावंडेचं नोटबुक बुधवारपासून अखंड चालू होतं. काम काहीच नाही, नुसती जागा अडवलेली. तिचं डोकंच फिरलं. हा अंकुश म्हणजे तिचा जुना दुखरा दात. कितीदा सांगितलं होतं की काम झालं की कर्नल बंद कर, लोक रांगेत असतात. जसा काही क्लस्टर त्याच्या आज्याच्या वावरात उभा होता. आणि आता वरून हा प्रश्नही होता, की माणूस बागेत असताना त्याचं मशीन इथे जागं कशाला? बाहेरून येऊन कोणी काही करत होतं का?

तिनं त्याला निरोप धाडला. 'तुझं नोटबुक संध्याकाळपर्यंत बंद झालं पाहिजे, नाहीतर मी करीन आणि पुढच्या महिन्यात तुला जागा मिळणार नाही. शिवाय शुक्रवारी दुपारी तू काय करत होतास, तेही कळव.'

तेवढ्यात नवऱ्याचा, गोपाळरावांचा फोन आला. "अगं, इंदुताई मनीषनगरहून निघालीसुद्धा. तू येऊन राहिली का नाही?"

मिनल कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होती, सुजलेला गाल हातात धरून. तिला तसं सोडून भांडी घ्यायला जायचं जयवंताच्या जिवावर आलं. पण नणंदेला, इंदुताईला, नाही म्हणणंही काही सोपं नव्हतं.

"तू इथंच बस," ती मिनलला म्हणाली. "एसी आहे, पाणी आहे. कशालाही हात लावू नको. मी तासाभरात येते."

४

इतवारीच्या भांडेगल्लीत हातगाड्या आणि टेम्पो एकमेकांना वाट द्यायला तयार नव्हते. जयवंता दुकानात पोचली तेव्हा तिची साडी पाठीला चिकटलेली होती आणि डोक्यात तेच फिरत होतं, कुलूपबंद दार आणि शेजारच्या घरातला ऐवज.

इंदुताई परातींच्या ढिगापुढे ठाण मांडून बसली होती. तिनं पिशवीतून पाण्याचा एक जुना पितळी गुंड काढून नाव टाकणाऱ्यापुढे ठेवला. आंदणाच्या भांड्यावर मुलीचं नाव नसेल तर सासरचे चार दिवसांत ते भांडं आपलं म्हणतात, म्हणून नाव तिथल्या तिथे टाकून घ्यायची रीत.

"हे जुनं नाव घास आणि माह्या काजलचं टाक," इंदुताईनं फर्मावलं.

जयवंतानं वाकून पाहिलं. "सौ. प्रयागबाई? वन्सं, हा तर तुमच्या सासूबाईंचा गुंड."

"मंग? त्या काय पाहाले येणार हायेत? नाव बदललं की झाला नवा. एवढं पितळ आता मिळते का वं कुठं?"

नाव टाकणाऱ्यानं मशीन लावलं. जुनी अक्षरं पुसली गेली, नवी कोरली गेली. इंदुताई खूश झाली. जयवंताची नजर मात्र गुंडाच्या गळ्याशी अडकली. तिथे मोरांची नक्षी होती, प्रयागबाईंच्या लग्नातली. नाव काजलचं झालं होतं, मोर प्रयागबाईंचेच राहिले होते. आणि गुंड तर तोच होता.

तिचा धक्का लागून ढिगातली एक परात खाली पडली. दुकानदार ओरडला, ते तिला ऐकू आलं नाही.

रितिकाचं काम कपाशीचं. मग तिच्या नावापुढे संत्रं कशाला?

मिनलनं ते चित्र काढलं ते स्वतःच्या पाटीसाठी. ते पाटीच्या फोल्डरमध्येच राहतं. चारही नावांपुढे तेच असेल, तर चारही पाट्या एकाच पाटीची नक्कल होत्या. पाच मिनिटांत तीन! डहाक्यांनी मिनलच्या पाटीची तीनदा नक्कल केली होती आणि वरचं नाव तेवढं बदललं होतं. आतली ओळ, इंजिन कुठल्या खोलीतून आणायचं ती, तशीच राहिली होती. नवी खोली कोणालाच मिळाली नव्हती. चार दारं मिनलच्याच खोलीत उघडत होती, आणि सगळे एकाच खात्यातून येत असल्यामुळे मशीननंही कोणाला अडवलं नव्हतं. रितिकानं आपल्या दारातून सामान आत टाकलं आणि ते मिनलच्या फडताळात जाऊन पडलं.

आणि ती स्वतः? तिनं फक्त मिनलची पाटी तपासली होती, कारण तक्रार मिनलची होती. बाकीच्या तीन पाट्या उघडून बघायला मिनिटसुद्धा लागलं नसतं. तिला स्वतःचाच संताप आला.

पण संतापून काय होणार? डहाके म्हणतील, बरं, खोली एक, बदल झाला, मान्य. म्हणून आधीचा आकडा खरा होता हे कुठे सिद्ध होतं? जुनी आवृत्ती नेमकी कोणती, ते मिनलनं टिपून ठेवलेलं नव्हतं, आणि असल्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या ढिगानं असतात. पुरावा हवा होता शुक्रवारच्या आधीच्या खोलीचा. ती खोली आता जगात नव्हती.

होती. एका ठिकाणी होती.

कर्नल एकदा चालू झाला की आपल्या लायब्रऱ्या वाचून पाठ करून बसतो. मागाहून कोणी फडताळातली पुस्तकं बदलली तरी त्याला पत्ता नसतो. बंद करून पुन्हा उठवला, की मगच तो नवी वाचतो. मिनल गुणी मुलगी. जयवंताच्या नियमाप्रमाणे ती रोज काम झालं की कर्नल बंद करायची, म्हणून शुक्रवारी तिचा नव्या पुस्तकांसह उठला. नियम न पाळणारा एकच इसम होता. बुधवारपासून त्यानं बंद केला नव्हता.

तिनं घाईघाईनं पर्समधून फोन काढला. पडद्यावर अंकुशचा निरोप आलेला होता.

'सॉरी मॅडम, विसरलो. शुक्रवारी दिवसभर झाडं मोजून राहिलो होतो, बागवाल्याले विचारा. इथं निरोपापुरतीच रेंज येते-जाते, म्हणून सडकेकडे निघालो. चांगली रेंज आली की लगेच बंद करतो.'

५

अंकुशचा फोन लागेना. जयवंतानं तीनदा लावला. निरोप आला होता म्हणजे तो रेंजमध्ये येऊन गेला होता, किंवा येण्याच्या बेतात होता. 'बंद करू नको' असं लिहून धाडलं, पण तो ते आधी वाचील की आधी कर्नल बंद करील, याची कोण हमी देणार? वर्षानुवर्षं तिची एक गोष्ट न ऐकणारा हा पोरगा नेमका आज आज्ञाधारक निघाला होता. वरून निरोपात तिनंच त्याला तंबी दिली होती.

त्याचं खातं बंद करावं, तर ते डहाक्यांचंही होतं आणि त्यासोबत चालू असलेलं सगळंच मेलं असतं. एकच वाट उरली. तिनं केंद्रात फोन लावला.

"मिनल, ऊठ. मशीनच्या खोलीत जा. दाराजवळच्या कपाटात वरच्या बाजूला एक जाड निळी वायर दिसते का?"

"हाव."

"उपट ती."

"मॅडम, तुम्ही तर म्हटलं कशालेच हात लावू नको."

"म्हटलं होतं. आता म्हणते, उपट. ती बाहेरच्या जगाची वायर आहे. आतलं सगळं चालू राहील, बाहेरून फक्त कोणाला येता येणार नाही. काढ वं पोरी, विचारू नको."

वायर निघाल्याचा खट् आवाज फोनमधूनही आला. इतक्या वर्षांत जयवंतानं क्लस्टर कधी बंद पडू दिला नव्हता, आणि आज इतवारीत उभं राहून तिनं तो एका हुकुमात जगापासून तोडला. तिचा फोन वाजायला लागला तो थांबेच ना. घरून काम करणारे एकेक शास्त्रज्ञ तिचा उद्धार करत होते. इंदुताईला परातींच्या ढिगापाशी सोडून ती ऑटोत बसली.

केंद्रात पोचली तेव्हा रितिका आलेली होती, आणि तिच्या मागोमाग डहाकेही, लाल होऊन.

"जेवायला प्रताप नगरला गेलो तर तिथून काही उघडत नाही. केंद्र चालवता का पानठेला?"

"बसा सर. तुमच्याच कामाचं आहे."

ती मशीनपुढे बसली. चालू कामांची यादी उघडली. अंकुश-फळगळ. बुधवारपासून चालू. जिवंत.

तेवढ्यात अंकुशचा फोन आला. "मॅडम, किती वेळचा बंद करून राहिलो, साइटच उघडत नाही. माही काही चूक नाही आता."

"अंकुश, तू देवमाणूस आहेस," जयवंता म्हणाली. पलीकडे तो गडबडलाच असावा. "फोन चालू ठेव. तुझ्या कर्नलमध्ये मिनलची चाचणी चालवायची आहे. चालवू का?"

त्याला सगळं सांगावं लागलं. मिनल खाली पाहत होती.

"आमचं बोलणं नाही मॅडम, तुम्हाले माहीत असेल," तो म्हणाला. "पण एक्क्याण्णव मी माह्या डोळ्यानं पाहिला होता. त्याचाच तर राग होता. चालवा."

आधी जयवंतानं रितिकाला तिच्या कर्नलमध्ये एकच ओळ लिहायला लावली. तू कोणत्या खोलीतून चालतोस? उत्तर आलं, मिनल-संत्राच्या खोलीचा पत्ता. मग मिनलच्या कर्नलला विचारलं, तोच पत्ता. अंकुशच्याही चालू कर्नलला विचारलं, तोच.

"आता तुमचा, सर."

डहाक्यांनी स्वतः टंकलं. तोच पत्ता आला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"मी पाटी नवी केली होती," ते हळू आवाजात म्हणाले.

"पाटीच केली, सर. खोली बांधायची राहिली." जयवंतानं मेनूकडे बोट दाखवलं. "कपाशीच्या नावापुढे संत्रं. सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढे होतं. काल रितिकानं आपल्या समजुतीनं आपल्याच घरात सामान बदललं. येताना ऑटोत वाचलं, नवी आवृत्ती फोटो लहान करताना बारीक ठिपके पुसट करते. अळीला त्यानं फरक पडत नाही. पानावरचा रोग म्हणजे नुसते ठिपकेच."

रितिका मिनलकडे वळली. "मिनलताई, मले खरंच..."

"तुह्यी चूक नाही वं," मिनल म्हणाली.

मग जयवंतानं अंकुशच्या कर्नलमध्ये मिनलचे फोटो आणि प्रोग्रॅम लावला. पट्टी सावकाश पुढे सरकत होती. फोनवर काटोलच्या सडकेवरून एक ट्रक गेला.

एक्क्याण्णव.

मिनलनं तोंडावर हात ठेवला. जयवंतानं लगेच त्या कर्नलला विचारून त्याच्या पाठांतरातली प्रत्येक लायब्ररी आणि तिची आवृत्ती उतरवून घेतली. आता जुनी खोली पुन्हा उभी करता येणार होती, हवं तितक्या वेळा, समितीसमोरसुद्धा. मग तिनं निळी वायर जागेवर लावली आणि फोनकडे वळली.

"मॅडम, आता तरी बंद करू का?" अंकुश विचारत होता.

"कर बाबा."

डहाके तिथेच खुर्चीत बसून त्यांच्या फोनवर समितीला नवं पत्र लिहू लागले. आकड्यांत फेरफार नाही, एवढं लिहून झाल्यावर त्यांचं बोट थांबलं.

"बदल कोणी केला, हे लिहावं लागेल," ते म्हणाले. रितिका एक पाऊल मागे सरकली.

"नावानिशी, पुराव्यानिशी, असं तुम्हीच म्हणाला होता," जयवंता म्हणाली. "माझ्या मशीनला एकच नाव ठाऊक आहे, सर."

डहाक्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग रितिकाकडे. नाही म्हटलं तरी माणूस अगदीच हलका नव्हता. 'माझ्या खात्यातून, माझ्या चुकीच्या मांडणीमुळे,' असं त्यांनी लिहिलं, आणि पत्र धाडून दिलं. मग उठून मिनलसमोर उभे राहिले.

"सर, पाच वर्षं मी तुमच्या समोरच्या टेबलावर बसून राहिली," मिनल म्हणाली. ती रडत नव्हती. "पत्र पाठवायच्या आधी तुम्ही मले एकदा विचाराले पाहिजे होतं. फक्त एकदा."

डहाक्यांनी मान खाली घातली. "सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर."

"या. पण मले आधी माह्या नावाचं खातं पाहिजे."

अर्जाला तीन सह्या लागतात, आणि त्यातले दोन साहेब सुट्टीवर होते. जयवंतानं खण उघडला, अर्जाकडे पाहिलं आणि खण पुन्हा लावला. सह्या मागून घेता येतील, असं म्हणून तिनं आपल्या अधिकारात नवं खातं उघडलं आणि कीबोर्ड मिनलपुढे सरकवला. मिनलनं सावकाश आपलं नाव टंकलं. पाच वर्षं इथे काम करणाऱ्या मिनल साठवणेची त्या मशीनला आज पहिल्यांदा ओळख झाली.